लॉक नटची चावी कुठे आहे? टायर बदलताना नेहमी पडणारे प्रश्न

आमचं टायरचं दुकान नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला आहे. कसाऱ्याचा घाट चढून आलेल्या गाड्या बऱ्याचदा आमच्याच दारात थांबतात. पंक्चर काढणं दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण चाकच निघत नसेल तर पंक्चर काढणार कुठून? हल्ली आठवड्यातून एकदा तरी अशी गाडी येते, की चार नट सुटतात आणि पाचव्याला पाना बसत नाही. खालचे प्रश्न गिऱ्हाइकांचेच आहेत. काही काउंटरवर विचारलेले, काही भर पावसात रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर.

लॉक नट म्हणजे नेमकं काय?

चाकाचे साधे नट षटकोनी असतात. डिकीतला एल आकाराचा पाना त्यांना लागतो आणि चोराचा पानाही लागतो. म्हणून प्रत्येक चाकाला एक नट वेगळा बसवतात. त्याच्या तोंडावर खाचा, पाकळ्या किंवा नागमोडी रेष असते आणि तिला जुळणारा एक तुकडा सोबत येतो, तीच चावी. चावीची एक बाजू नटात बसते, दुसरी बाजू षटकोनी असते आणि तिच्यावर नेहमीचा पाना लागतो. चार चाकांना चार लॉक नट, सगळ्यांना मिळून चावी मात्र एकच. आपल्याकडच्या मारुती, ह्युंदाईसारख्या गाड्यांना नट असतात. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या युरोपीय गाड्यांना बोल्ट असतो. नाव वेगळं, भानगड तीच.

माझ्या गाडीला ते आहेत का, कसं कळणार?

पार्किंगमध्ये खाली बसून चाकाकडे बघा. पाचपैकी एकाचं डोकं गोल किंवा वेगळ्या नक्षीचं दिसलं तर आहेत. काही गाड्यांत नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, त्या काढल्याशिवाय काहीच दिसत नाही. टोपी काढायला टूल किटमध्ये तारेचा छोटा आकडा किंवा चिमटा दिलेला असतो. ॲलॉय व्हील शोरूममधूनच ॲक्सेसरी म्हणून घेतली असतील तर लॉक नट त्यासोबत आले असण्याची शक्यता दाट. बिलात पैसे लागलेले असतात, गाडी ताब्यात देताना सांगायचं मात्र राहून जातं.

चावी कुठेच सापडत नाही. कुठे बघू?

घाबरण्याआधी या जागा बघा. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात जॅकच्या फोमच्या साच्यात एक गोल भोक असतं, बहुतेक वेळा चावी तिथेच बसलेली असते आणि काळ्या रंगामुळे दिसत नाही. तिथे नसेल तर ग्लोव्ह बॉक्स, मॅन्युअलचं पाकीट, सीटखाली, दाराचा कप्पा. शेवटी शेवटच्या सर्व्हिसिंगच्या जागी फोन करा. चाकं फिरवून (पुढची मागे, मागची पुढे करून) झाल्यावर चावी नटावरच किंवा त्यांच्या नट सोडवायच्या एअर गनच्या तोंडात राहून जाणं ही गॅरेजमधली फार जुनी चूक आहे. आमच्याकडूनही एकदा झाली. गिऱ्हाईक सिन्नरपर्यंत पोहोचलं होतं.

मागच्या नवरात्रात पहाटे सहाला फोन आला. इंदिरानगरचं कुटुंब वणीच्या गडावर निघालेलं, दिंडोरी ओलांडल्यावर मागचं चाक बसलं. "काका, चार नट निघाले हो, पाचव्याला पानाच बसत नाही." मी वरच्या सगळ्या जागा एकेक करून बघायला लावल्या. चावी निघाली घरी, माळ्यावर, गणपतीच्या लायटिंगच्या माळांच्या खोक्यात. शोरूमने दिलेली पिशवी वहिनींनी नीट जपून ठेवली होती, इतकंच. धाकटा मुलगा बाइकवर ती घेऊन गेला तोवर आठ वाजले, आणि गडावरची रांग तेवढी वाढली.

मग चावी घरी ठेवायची की गाडीत? चोराच्या हाती लागली तर?

गाडीत. चाकं चोरणारा माणूस विटा लावून बाहेरच्या बाहेर काम उरकतो, तो आधी डिकी उघडून किट तपासत बसत नाही. आणि ज्याला डिकी उघडता येते त्याच्यासाठी चाकं ही छोटी गोष्ट झाली. त्यामुळे जॅक आणि पान्याच्या शेजारी एक जागा ठरवा आणि ती घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्यालाही.

चावीवर किंवा सोबतच्या कार्डावर एक कोड असतो. त्याचा फोटो आजच काढा. कार्ड मात्र घरी कागदपत्रांत ठेवा, गाडीत नको.

रस्त्यात पंक्चर झालंय, चावी हातात आहे. आता काय क्रमाने करू?

आधी जागा. घाटात वळणावर किंवा उड्डाणपुलावर चाक बदलायला बसू नका. बसलेल्या टायरवर हळूहळू पुढे सपाट, रुंद जागेपर्यंत गाडी नेलीत तर टायर जाईल, फार तर रिम जाईल, दोन्ही विकत मिळतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे. समृद्धीवर स्वतंत्र हेल्पलाइन आहे, नंबर रस्त्याकडेच्या फलकांवर असतो, आणि तिथल्या वेगात चाक बदलण्यापेक्षा माणसांना कठड्यापलीकडे उभं करून तो नंबर लावलेला बरा.

जागा मिळाली की हॅझार्ड लाइट लावा, लाल त्रिकोण ५०-६० पावलं मागे ठेवा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये घाला आणि जे चाक काढायचंय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. चढावर दगड मागून, उतारावर पुढून.

आता पहिला हात लॉक नटालाच, आणि तोही गाडी जमिनीवर असताना. जॅक लावून, चार नट काढून मग पाचव्यापाशी अडलात तर उचललेली गाडी तशीच ठेवून मदत शोधावी लागते. आधीच कळलं तर निदान गाडी चार चाकांवर उभी असते. नटाच्या खाचेतली माती टोकदार काहीतरी घेऊन काढा, पावसाळ्यात ती दगडासारखी बसलेली असते. चावी आत घाला, हाताने हलवून बघा, ती शेवटपर्यंत बसली पाहिजे. अर्धवट बसलेल्या चावीवर जोर लावला की दात गेलेच. एका हाताने चावी आणि पान्याचं डोकं चाकाकडे सरळ दाबून धरा, दुसऱ्या हाताने पाना डावीकडे फिरवा. झटका नको, वाढता जोर. अर्धा आटा सैल झाला की थांबा, मग बाकीचे सैल करा, मग जॅक.

जॅक लावायची जागा दाराखालच्या पट्टीवर खाचेने दाखवलेली असते, ती सोडून दुसरीकडे लावला तर पत्रा चेपतो. ओल्या मातीत जॅकखाली फळी घाला. इगतपुरीकडच्या पावसात जॅक नुसता जमिनीत जातो, गाडी जागची हलत नाही. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक निसटला तर गाडी त्याच्यावर बसेल. त्या वेळात शरीराचा कुठलाही भाग खाली नको.

स्टेपनी लावताना प्रत्येक नट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो वाकडा लागतोय, काढून पुन्हा लावा. मग समोरासमोरचे नट ताऱ्याच्या आकारात आवळत जा, गाडी खाली घ्या आणि शेवटचं घट्ट करणं जमिनीवर. चावी काढून खिशात नाही, डब्यात. मी हे ओरडून सांगतो, कारण चावी नटावर तशीच विसरून निघालेली माणसं बघितली आहेत. पाथर्डी फाटा ते द्वारका एवढ्या अंतरातसुद्धा ती कुठेतरी उडून जाते.

पाना हलतच नाही. वर उभा राहू का?

साध्या नटावर एकवेळ चालेल, लॉक नटावर नको. हिशेब सोपा आहे. १०० न्यूटन-मीटरने (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळलेला नट ३० सेंटिमीटरच्या पान्याने सोडवायला टोकावर साधारण ३४ किलोचा भार पुरतो. ७५ किलोचा माणूस वर उभा राहिला की सव्वादोनशे न्यूटन-मीटरच्या घरात जोर जातो, उडी मारली तर विचारूच नका. षटकोनी नट ते सहन करतो, लॉक नटाच्या बारीक खाचा करत नाहीत.

त्यापेक्षा पान्याला पाइप घाला आणि हळू, सलग ओढा. नटाच्या मागच्या आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा. डोक्यावर हातोडीचे चार-पाच हलके ठोके द्या, गंज तुटतो. पाइपने ओढतानाही चावी सरळ राहिली पाहिजे, तिरकी झाली की थांबा.

एअर गनने काढलं तर चालतं ना? सगळे तसंच करतात.

सगळे करतात म्हणूनच आमच्याकडे गर्दी आहे. गन नटाला फिरवत नाही, सेकंदाला कितीतरी ठोके देते. चावीचे पातळ दात तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. आज तुटत नाहीत, कुरतडले जातात, आणि मग सहा महिन्यांनी तुमच्या हातात तुटतात.

हे मी स्वतःवरून सांगतो. दुकान सुरू करण्याआधीची गोष्ट. प्रवासात एका दुकानात चाकं फिरवून घेतली, पोरगा सगळे नट गनने टरटर आवळत होता आणि मी चहा पीत बघत होतो. पुढे जुलैत घोटीजवळ टायर गेला. चावी लावली, ओढलं, कट् असा आवाज झाला आणि पाना मोकळा फिरला. चावी काढून मोबाइलच्या उजेडात बघितली तर पाकळ्यांच्या कडा गोल झालेल्या आणि तळाशी चकाकता बारीक चुरा, पोलादाचा. नटाच्या खाचेतही तोच. पावसात तो चुरा बोटाला चिकटत होता.

शेजारच्या ट्रकवाल्या मिस्त्रीने सोडवलं. लॉक नटाच्या बाहेरच्या गोलाईपेक्षा किंचित लहान अशी बारा कोनी गोटी (पान्याला लागणारा सॉकेट) त्याने नटावर हातोड्याने ठोकून बसवली. सात-आठ घाव, प्रत्येक घावाला गाडी हलायची. मग लांब टॉमी (लोखंडी दांडा) लावून एकदाच रेटलं. नट किंचाळला आणि सुटला. गोटीतून तो नट पुन्हा निघालाच नाही, दोन्ही भंगारात.

तेव्हापासून आमच्या दुकानात लॉक नट हाताने सैल होतो. सैल झाल्यावर गनने नुसता फिरवून काढला तर हरकत नाही. लावताना मात्र शेवट टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने. तुम्ही कुठेही गेलात तरी पोरगा गन उचलायच्या आत एवढंच म्हणा: "दादा, लॉक नट हाताने."

चावी हरवली किंवा तुटली. पर्याय काय?

घाई नसेल, म्हणजे टायर धड आहे आणि हे तुम्हाला घरीच कळलं असेल, तर कोड वापरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नवी चावी मागवा. कोड नसेल तर नटाच्या तोंडाचा सरळ समोरून, स्वच्छ पुसून फोटो काढून घेऊन जा. काही सेंटरकडे त्यांच्या ब्रँडच्या नमुन्यांचा पूर्ण संच असतो, ते जुळवून नट सोडवून देतात. सगळे चार नट काढून घ्या आणि साधे बसवा, मामला मिटला. बाहेरून घेतलेले नट असतील तर मात्र कंपनीचं सेंटर हात वर करतं, कारण तो नमुना त्यांचा नसतो.

घाई असेल तर ठोकून काढणं. घोटीच्या मिस्त्रीची पद्धत अजूनही सगळ्यात जास्त चालते. आमच्याकडे आता त्यासाठी खास उलट्या आट्यांच्या गोट्या आहेत. डावीकडे फिरवावं तशा त्या नटात जास्त रुतत जातात. यात दोन अडचणी येतात. ॲलॉयमध्ये नट खोल, अरुंद भोकात असेल तर गोटीची भिंत आत शिरायला जागा नसते. आणि काही नटांची बाहेरची कडी मोकळी फिरणारी असते, पकड घेतली तरी कडीच गरगरते, नट जागचा हलत नाही. अशी कडी आधी कापावी किंवा फोडावी लागते. ते रस्त्यावरचं काम नव्हे, टोइंग करून आणा. अंबड-सातपूरला लेथ आणि मशीनवाल्यांची कमी नाही, ड्रिल करून नट काढणारे हात नाशकात मिळतात.

छिन्नी लावून कडेला ठोकत फिरवायचा जुना प्रकार लोखंडी रिमवर एकवेळ ठीक आहे. ॲलॉयवर एक घाव चुकला की रिमचे पैसे.

वेल्डरने सांगितलं, वर नट वेल्ड करून देतो, मग फिरवा. करू का?

उपाय खरा आहे. उष्णतेने गंजही सुटतो. पण शेवटचा म्हणून ठेवा. हवा भरलेल्या टायरशेजारी ताप देणं धोक्याचं, टायर फुटू शकतो, म्हणून आधी हवा सोडायची. ॲलॉयचा रंग जळतो. अर्थिंगचा चिमटा भलत्या जागी लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि ते खराब होतं. बॅटरीची वायर सोडायला सांगा. आणि त्या स्टडवर, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आटेदार दांड्यावर, पुन्हा विसंबू नका, तो बदला.

नट सगळे निघाले, चाक तरीही चिकटून बसलंय!

हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, गंजाने ॲलॉय धरून ठेवलेलं असतं. जॅकवर असताना खाली शिरून ओढाओढ नको. दोन नट दोन-तीन आटे लावून सैल ठेवा, गाडी जमिनीवर घ्या आणि दोन-चार फूट हळू पुढे-मागे करा. कडकन आवाज आला की सुटलं. पुन्हा जॅक. नंतर हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून घ्या.

नट सैल निघावेत म्हणून ऑइल किंवा ग्रीस लावू?

आट्यांना आणि नटाच्या शंकूसारख्या बैठकीला (रिमला टेकणाऱ्या भागाला) नाही. कंपनीने दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावलं की तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि स्टड ताणतो. ब्रशने घासा, पुसा, बस.

किती घट्ट करायचं?

मॅन्युअलमध्ये आकडा असतो, तोच खरा. अंदाज हवा असेल तर छोट्या हॅचबॅकला ८५ ते १०० न्यूटन-मीटर, मोठ्या गाड्यांना १२० च्या आसपास. लॉक नटही तेवढाच, कमी नाही. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरने एकदा पुन्हा तपासून घ्या. आमच्याकडे त्याचे पैसे घेत नाहीत, कुठेही घेऊ नयेत.

स्टेपनी लोखंडी आहे. लॉक नट तिला लावायचा?

कंपनीची ॲलॉय असेल तर बहुतेक वेळा तेच नट चालतात, पण मॅन्युअल बघा. बाहेरून ॲलॉय घेतली असतील तर जुने मूळ नट फेकू नका. एका चाकापुरते पिशवीत घालून स्टेपनीजवळ ठेवा. बैठकीचा आकार जुळला नाही तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होतो. आणि स्टेपनी बारीक टायरची असेल तर तिच्यावर ८० चा वेग लिहिलेला असतो, तो शोभेला नाही. नव्या गाड्यांत तर स्टेपनीच नसते कधी कधी, पंक्चर किट असतं. तरीही लॉक नटची चावी लागणारच, किट फसलं की टायर उतरवावाच लागतो.

एवढा ताप आहे तर लॉक नट ठेवायचेच कशाला?

माझं मत विचाराल तर, गाडी बंद गेटच्या सोसायटीत, सीसीटीव्हीखाली उभी राहते आणि चाकं लोखंडी आहेत, तर काढून टाका. ॲलॉय महागाची आहेत आणि गाडी रात्री रस्त्यावर असते, तर ठेवा. ठोकून काढायचे प्रकार मी वरच सांगितले, तेव्हा चोराला अडवणारी ही भिंत नाही. पण ठोकायला आवाज होतो आणि वेळ लागतो, चोराला दोन्ही नको असतात. तेवढ्यासाठीच ते आहेत.

नवा संच घेताना काय बघायचं?

आट्यांचं माप. मारुतीचं १२ बाय १.२५, ह्युंदाईचं १२ बाय १.५, फोक्सवॅगनचा बोल्ट १४ बाय १.५. ०.२५ चा फरक डोळ्याला दिसत नाही, स्टडचे आटे मात्र जातात. बैठक शंकूची की गोल, लांबी किती, आणि चावीची षटकोनी बाजू तुमच्या डिकीतल्या पान्याला बसते का, तेही तिथेच लावून बघा. १९ चा पाना आणि २१ ची चावी अशी जोडी रात्री बारा वाजता उपयोगाची नाही. बसवताना चारही चाकांवर लॉक नट हवेच्या वॉल्वजवळच्या स्टडवर घ्या, अंधारात चाचपून सापडतो.

सेकंडहँड गाडी घेतोय. यात काही बघायचं असतं?

आरसी आणि इन्शुरन्स मागता तशी ही चावी मागा. "आहे, डिकीत असेल" यावर विश्वास ठेवू नका. काढायला लावा आणि चारही चाकांवर लावून बघा, कारण एक टायर कुठेतरी बदलताना त्या चाकाला भलताच लॉक नट बसलेला मी पाहिलाय. तीन चाकं एका चावीने सुटली आणि चौथं नाही. चावी नसेल किंवा दात गोल झाले असतील तर चार नट काढायची मजुरी आणि नव्या नटांचे पैसे व्यवहारातून वजा करून घ्या, टोकन द्यायच्या आधी.